हूलिगन कोणाला म्हणावे? नागपूरकरांसाठी थोडे मार्गदर्शन

'सोसायटीच्या आवारात हूलिगन्सना सक्त मनाई आहे. हुकूमावरून.' परवा एका फाटकावर ही नोटीस लागली. खाली सही, सहीवर जांभळा शिक्का. गुन्हा एवढाच की टेनिसचा बॉल पहिल्या मजल्यावरच्या तुळशीच्या कुंडीला लागला. आरोपी पाचवी-सहावीतले, मागच्या वस्तीतले. त्याच आठवड्यात त्याच फाटकासमोर रात्री साडेबारापर्यंत डीजे दणाणला आणि कोपऱ्यावरच्या पोह्याच्या ठेल्याची काच फुटली. त्याबद्दल नोटीस नाही. तेव्हा हा शब्द आपल्याकडे रुळणारच असेल, तर तो वापरायचा कसा हे एकदा नीट समजून घ्या.

उच्चाराची काळजी करू नका. 'हू' लांबवायचा आणि 'लिगन' झटक्यात म्हणायचे, हे बरोबर. पण 'हुलिगॅन' म्हटले तरी समोरचा दचकतोच.

व्युत्पत्ती विचारली तर 'आपल्या हुल्लडवरूनच आला' असे ठोकून द्या. हुल्लड, हुल्लडबाज, हूलिगन: कानाला गोड लागते, आणि पूर्वजांनी इंग्रजांना शब्द पुरवले म्हटले की कोणी पुढे विचारत नाही. ('ठग' खरोखरच पुरवला. तिकडे जाताना त्यातली फसवणूक गळाली आणि मारहाण उरली, म्हणून इंग्रजी बातमीतल्या 'थग'चे भाषांतर 'ठग' करणारे उपसंपादक रोज आपटतात.)

कोश मात्र उघडू नका. उघडलात की अटी सुरू होतात. हूलिगन एकटादुकटा नसतो, त्याला घोळका लागतो. जागा चारचौघांची लागते: रस्ता, मैदान, बसस्टॉप. मारहाण किंवा मोडतोड लागते, आणि त्यातून कमाई काही नसते. खंडणी मागितली की तो खंडणीखोर, हूलिगन नव्हे. रात्री एकट्याने पुतळ्याचे नाक तोडले तर इंग्रजीत त्याला 'व्हँडल' म्हणतात. ४५५ साली रोम शहर लुटणाऱ्या टोळ्यांचे नाव त्याला चिकटले. नुसता आरडाओरडा करणारा आपला हुल्लडबाज. शिट्ट्या मारणारा टवाळखोर. दिवसभर पानठेल्यावर उभा असणारा उडाणटप्पू, आणि त्याने अजून कोणाचे काहीही बिघडवलेले नाही. मराठीत इतके बारीक कप्पे तयार असताना सगळ्यांना एकाच पोत्यात भरायचे तर इंग्रजी शब्दच सोयीचा.

शब्दाचे वजनही पाहू नका. २९ मे १९८५ ला ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानात फुटबॉलच्या अंतिम सामन्याआधी इंग्लिश क्लबच्या समर्थकांनी प्रेक्षकांवर चाल केली, भिंत कोसळली आणि ३९ माणसे मेली. त्यानंतर इंग्लंडच्या क्लबांना पाच वर्षे युरोपीय स्पर्धांत खेळू दिले नाही. जगाने हूलिगन म्हटले ते अशांना. तुमच्याकडे तुळस हलली.

माणसे मोजू नका. बेकायदा जमावाला कायदा निदान पाच माणसे मागतो. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम १४१ होते, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे १८९. दंग्यासाठी त्या जमावाने बळ किंवा हिंसा वापरावी लागते. तुमची पोरे अकरा भरली, पण त्यातले एक स्कोअर लिहीत होते.

आता सगळ्यात महत्त्वाचे: वस्ती विचारा. 'कुठचा आहेस बे?' एवढ्यावर निदान होते. हे शब्दाच्या परंपरेला धरूनच आहे. १८९८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या वर्तमानपत्रांनी हा शब्द उचलला, आणि तो एका आयरिश आडनावावरून आला असे कोशकार मानतात. म्हणजे गरीब वस्तीतल्या परक्यांचे आडनाव, त्याचीच शिवी. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा जायला १९५२ उजाडले. आणि आपले नागपूर मागे कसे राहील? हे शहर मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते तेव्हा, १९४६ साली, खास गुंडांसाठी कायदा झाला. त्यात गुंडाची व्याख्या काय, तर हूलिगन, रफ किंवा व्हॅगाबाँड. शिवाय शांततेला धोकादायक असा कोणीही. एका शब्दाचा अर्थ सांगायला तितकेच धूसर तीन शब्द! त्यावर माणसाला इलाख्याबाहेर काढायची सोय. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कारण साधे होते: हा माणूस गुंड आहे की नाही हे आधी ठरवा, असे त्या कायद्यात कुठेच म्हटलेले नव्हते आणि ठरवायचे कशावरून तेही नव्हते. न्यायालयाला जे पटले नाही ते सोसायटीच्या सभेत हात वर करून मंजूर होते.

दुपट्टा पाहा. गळ्यात असेल तर तो हूलिगन नाही, 'युवा कार्यकर्ता' आहे. रंग कोणताही चालेल. सायलेन्सर काढलेल्या वीस गाड्या फुटाळ्यावरून फटफटत गेल्या तर 'रॅली'. शहर बसची काच फोडली तर 'संतप्त पडसाद'. नाव, गाव, बापाचा धंदा सगळ्या चौकाला ठाऊक असले तरी फिर्यादीत 'अज्ञात समाजकंटक'. सार्वजनिक मालमत्तेची मोडतोड केली तर १९८४ च्या कायद्याने पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण अज्ञाताला कैद कशी करणार? तो तर पुढच्या चौकात फ्लेक्सवर हात जोडून उभा असतो, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! आणि हिवाळी अधिवेशनात पायी आलेल्या अंगणवाडीच्या बाया कठड्याशी दोन तास बसल्या, की बाल्कनीतून तुम्ही म्हणता, 'या हूलिगन्समुळे ट्रॅफिक जाम.'

बस झाले आता. शब्द कळत नाही असे नाही, सगळे कळते तुम्हाला. डीजेवाल्यासमोर तोंड उघडायची छाती नाही म्हणून अकरा वर्षांच्या पोरावर इंग्रजी झाडता. त्याला त्या शब्दाचा अर्थ माहीत नाही. आपल्याला आत येऊ देत नाहीत एवढे मात्र पक्के समजते. ती नोटीस काढा. काच कोणी फोडली ते तुम्ही पडद्याआडून पाहिले आहे, ठाण्यात जाऊन नाव लिहून द्या. ठेल्याला अजून पुठ्ठा लावलेला आहे, आणि तुम्ही रोज सकाळी त्याच पुठ्ठ्याशेजारी उभे राहून तर्री जास्त मागता.