जुलैतला गारवा आणि ‘अल्फेलियन’चा निरोप

जुलै उजाडला की व्हॉट्सॲपवर एक निरोप पुन्हा फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: ‘उद्या पहाटे ५.२७ पासून अल्फेलियन सुरू होत आहे. पृथ्वी सूर्यापासून खूप दूर जाणार. एरवी हे अंतर ५ प्रकाशमिनिटं, म्हणजे ९ कोटी किलोमीटर असतं. आता ते १५ कोटी २० लाख किलोमीटर होईल, ६६ टक्के जास्त. त्यामुळे २२ ऑगस्टपर्यंत नेहमीपेक्षा जास्त थंडी पडेल. अंगदुखी, खोकला, ताप, श्वासाचा त्रास होईल. जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्या आणि सगळ्यांना कळवा.’

मी शाळेत भूगोल शिकवते. सातवीच्या एका मुलीनं हा निरोप वर्गात वाचून दाखवला आणि विचारलं, “बाई, हे खरंच असणार ना? बाहेर थंडी तर वाजतेय.” नुसतं ‘खोटं आहे’ म्हणून तिला खाली बसवणं मला पटेना. कारण निरोपात एक गोष्ट खरी आहे आणि तिच्या आधारानंच बाकीचं सगळं खपून जातं.

खरी गोष्ट ही की पृथ्वीची कक्षा अगदी गोल नाही. ती लंबवर्तुळाकार आहे, हे खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. ही उपसूर्य स्थिती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती सर्वांत दूर असते, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. ही अपसूर्य स्थिती, इंग्रजीत ‘ॲफेलियन’; निरोपातलं ‘अल्फेलियन’ हे त्याचंच बिघडलेलं रूप. म्हणजे १५ कोटी २० लाखांचा आकडा बरोबर आहे. चूक आहे ती त्याच्या शेजारी बसवलेल्या ९ कोटींची.

सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ५ नव्हे, सुमारे ८ मिनिटं २० सेकंद लागतात. सरासरी अंतर १४ कोटी ९६ लाख किलोमीटर. म्हणजे जुलैत आपण सरासरीपेक्षा २५ लाख किलोमीटर दूर असतो, पावणेदोन टक्क्यांहूनही थोडं कमीच. जानेवारीशी तुलना केली तरी फरक ५० लाख किलोमीटरांचा, साधारण साडेतीन टक्के. आणि निरोपाचे आकडे त्याच्या स्वतःच्या हिशेबातही बसत नाहीत. ९ कोटींवरून १५ कोटी २० लाख म्हणजे वाढ ६९ टक्क्यांची होते, ६६ ची नाही. हे सातवीच्या मुलांनी फळ्यावर भागाकार करून दाखवलं.

समजा, निरोप खरा आहे. मग सूर्याचं बिंब आपल्याला एरवीपेक्षा लहान, जेमतेम तीन-पंचमांश दिसायला हवं. अंतर वाढलं की उष्णता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून ऊनही एक-तृतीयांशावर यायला हवं. राहिला ‘उद्या पहाटे’चा प्रश्न. पृथ्वी या काळात सेकंदाला सुमारे २९ किलोमीटर वेगानं फिरते. त्या वेगानं ती सूर्याकडे पाठ करून सरळ धावत सुटली, तरी ६ कोटी २० लाख किलोमीटर कापायला तिला जवळपास २५ दिवस लागतील.

५.२७ ची वेळही तशीच. अपसूर्य म्हणजे सुरू होऊन २२ ऑगस्टला संपणारी घटना नाही. कक्षेवरचा तो एक बिंदू आहे. पृथ्वी जानेवारीपासून थोडी थोडी दूर जात त्या बिंदूपाशी येते आणि लगेच पुन्हा जवळ यायला लागते. तारीख दर वर्षी थोडी सरकते: २०२२ मध्ये ४ जुलै होती, २०२४ मध्ये ५ जुलै.

आता सर्वांत महत्त्वाचा दावा: दूर गेलो म्हणून थंडी. हा समज या निरोपानं जन्माला घातलेला नाही. तो मोठ्या माणसांच्याही मनात पक्का बसलेला असतो आणि त्यात आम्हा शिकवणाऱ्यांचाही वाटा आहे. फळ्यावर आम्ही पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी लांबट काढतो. प्रत्यक्षात १५ सेंटिमीटर लांबीची कक्षा खऱ्या प्रमाणात काढली, तर तिची रुंदी लांबीपेक्षा ०.०२ मिलिमीटरनं कमी भरेल, पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. सूर्य मात्र मध्यापासून सव्वा मिलिमीटर बाजूला असेल. पाहणाऱ्याला ते वर्तुळच वाटेल. लांबट आकृती एकदा डोक्यात बसली की ‘त्या टोकाला गेलं की थंडी’ हे ओघानंच येतं.

अंतरानं ऋतू होत असते, तर साऱ्या पृथ्वीवर एकाच वेळी उन्हाळा आणि एकाच वेळी हिवाळा आला असता. तसं होत नाही. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत हवेचं सर्वाधिक तापमान आहे ५६.७ अंश सेल्सिअस, कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत, १० जुलै १९१३ रोजी. आणि सर्वांत कमी आहे उणे ८९.२ अंश, अंटार्क्टिकावरच्या व्होस्टोक केंद्रावर, २१ जुलै १९८३ रोजी. दोन्ही जुलैतल्या! सूर्यापासूनचं अंतर दोन्ही वेळी जवळपास तेवढंच. मुलांना मी एवढंच सांगते आणि थोडा वेळ गप्प राहते.

ऋतू घडवतो तो पृथ्वीचा कललेला आस. तो साडेतेवीस अंशांनी कलला आहे. जून-जुलैत उत्तर गोलार्ध सूर्याकडे कललेला असतो, डिसेंबर-जानेवारीत दक्षिण गोलार्ध. याचा पुरावा शाळेच्या मैदानावर मिळतो. पुण्यात एक मीटरची काठी उभी रोवा आणि दुपारी साडेबारा ते पावणेएकच्या दरम्यान तिची सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा मोजा. २१ डिसेंबरला ती सुमारे ९० सेंटिमीटर भरते आणि उत्तरेकडे पडते. २१ जूनला, ढगांनी कृपा केली तर, ती जेमतेम ९ सेंटिमीटर असते आणि दक्षिणेकडे पडते, कारण सूर्य तेव्हा आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. मधल्या काळात, मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस, एक दिवस काठीची सावली तिच्या बुडाशीच जिरते. तो शून्य सावलीचा दिवस.

डिसेंबरातले किरण तिरपे असल्यामुळे तेवढंच ऊन जूनच्या मानानं एक-तृतीयांश जास्त जमिनीवर पसरतं. त्यात मुंबई-पुण्याकडे दिवस अकरा तासांचा, जूनमध्ये मात्र सव्वातेरा तासांचा. यासमोर साडेतीन टक्के अंतराचा परिणाम काय? उष्णतेत फरक पडतो तो सुमारे सात टक्क्यांचा. तो खरा आहे, पण आसाच्या कलापुढे तो झाकला जातो. म्हणूनच सूर्य सर्वांत जवळ असतो त्या जानेवारीत आपण स्वेटर घालून शाळेत येतो.

अपसूर्याचा एक परिणाम मात्र घरातल्या कॅलेंडरवर मोजता येतो. दूर असताना पृथ्वी जरा सावकाश चालते. त्यामुळे मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत सुमारे १८६ दिवस लागतात आणि तिथून पुन्हा मार्चपर्यंत १७९. आपल्या गोलार्धाचं उन्हाळी अर्धवर्ष त्यामुळे आठवडाभर मोठं आहे. निरोप सांगतो त्याच्या नेमकं उलट!

पण त्या मुलीला थंडी वाजत होती, हेही खरं होतं. मग ती आली कुठून? ढगांतून आणि पावसातून. पुण्यात जुलैतलं दुपारचं कमाल तापमान सरासरी २८ अंशांच्या आसपास असतं, जानेवारीतल्या दुपारपेक्षाही थोडं कमी. रात्रीचं पाहा: जानेवारीत ११-१२ अंश, जुलैत २२. ढग दुपारी ऊन अडवतात आणि रात्री जमिनीची ऊब निसटू देत नाहीत. सूर्य दूर गेल्यानं गारठा आला असता, तर रात्रीही गार पडायला हव्या होत्या. त्याच जुलैत चेन्नईत, जिथे आपल्यासारखा नैऋत्य मोसमी पाऊस नसतो, दुपारी पारा ३५ अंशांच्या घरात असतो. चेन्नई काही वेगळ्या कक्षेत फिरत नाही.

आणि हा पाऊस आणतो कोण? एप्रिल-मेमध्ये डोक्यावर आलेला सूर्य उपखंडाची जमीन तापवतो, तिच्यावर हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरचे बाष्पाचे वारे आत ओढले जातात. जुलैतला आपला गारवा सूर्याच्या त्या तापवण्यातूनच आलेला असतो.

राहिला आजारांचा मुद्दा, आणि मला खरी काळजी याचीच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ताप-खोकला वाढतो हे कोणत्याही दवाखान्याबाहेरच्या रांगेवरून कळतं. त्यामागे फ्लूचे विषाणू असतात, साचलेल्या पाण्यातल्या डासांमुळे होणारे डेंगी आणि मलेरिया असतात, उंदरांच्या मूत्रानं दूषित झालेल्या पाण्यातून चालल्यानं होणारा लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे लेप्टो, असतो. २००५ च्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती. यांतल्या एकाचंही कारण पृथ्वीच्या कक्षेत नाही आणि जीवनसत्त्वांच्या गोळीनं त्यांतला एकही बरा होत नाही. ‘अल्फेलियनचा ताप आहे, २२ ऑगस्टला जाईल’ असं मानून कुणी घरी बसलं, तर डेंगी किंवा लेप्टो थांबून राहत नाही. पुराच्या पाण्यातून चालत आला असाल आणि ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि पाण्यातून आलो होतो हे त्यांना आवर्जून सांगा.