‘ट्यूबलेस ही भूलथाप’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. सायकलच्या ट्यूबलेस टायरवर, म्हणजे आत ट्यूबच नसलेल्या टायरवर, मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. ट्यूबलेसने वेग वाढतो ही कंपन्यांची भूलथाप, लॅटेक्सची (पातळ, लवचिक रबराची) ट्यूब टाकली की तोच फायदा मिळतो, वर सीलंटची (भोक बुजवायला टायरमध्ये ओततात त्या द्रवाची) घाण आणि खर्च, असं तुमचं म्हणणं. इथवर ठीक. पण ‘आरामखुर्चीत पडून पायडल मारणाऱ्यांनी वेगाच्या गप्पा मारू नयेत’ हे वाक्य कशासाठी? मत वेगळं असू दे, हिणवायचं काय कारण?

लॅटेक्सचं मान्य. गुळगुळीत रस्त्यावर चांगली लॅटेक्स ट्यूब आणि ट्यूबलेस यांत फरक नगण्य. पण मुंबईत तसा रस्ता आहे कुठे?

आता आरामखुर्ची, म्हणजे मी चालवतो ती रिकम्बंट: मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची सायकल. १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोरने रिकम्बंटवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापले आणि ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेने रिकम्बंटला शर्यतींतून बाहेर काढलं. खुर्चीला कुणी इतकं घाबरत नाही! तिला हवेचा विरोध कमी होतो, म्हणूनच टायरमध्ये वाया जाणारी ताकद तिथे जास्त जाणवते.

शिवाय खड्डा दिसला की तुम्ही सीटवरून उठता, धक्का गुडघे घेतात. आम्हाला उठता येत नाही. माझं पुढचं चाक वीस इंची, पेव्हर ब्लॉकच्या फटीत ते जास्तच खोल उतरतं. टायर टणक भरला तर प्रत्येक फटीला सायकल आणि माणूस दोघं उचलले जातात, आणि ती ताकद पायांतूनच जाते. हवा थोडी कमी ठेवली की टायर धक्का पोटात घेतो. पण आत ट्यूब असेल तर खड्ड्याच्या कडेवर ती रिमशी चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, मग ती लॅटेक्सची का असेना. ट्यूबलेसमध्ये चिमटायला ट्यूबच नाही. वेग मिळतो तो इथून, आणि लेखात मी हेच लिहिलं होतं. वाचलं असतंत तर दिसलं असतं.

मी शाळेत असल्यापासून मुलुंडच्या रस्त्यांवर सायकल चालवतोय. पहाटे पूर्व द्रुतगती मार्गाने सायनपर्यंत जायचा नेम कित्येक वर्षांचा आहे. ट्रकच्या फाटक्या टायरमधली केसासारखी तार कशी रुतते, ती शोधताना बोटं कशी सोलतात, आणि भर पावसात विक्रोळीला पुलाखाली ट्यूब बदलणं काय असतं, हे मला कुणी शिकवू नये. आता तार उपसली की भोकातून पांढरा फेस येतो, चाक चार वेळा फिरवलं की बंद. थांबण्यात जाणारा वेळ तुम्ही सरासरीत धरतच नाही का?

सीलंट आपल्या उकाड्यात लवकर सुकतं, हे खरं. खर्च, घाण वगैरे मुद्द्यांवर मला वाद घालायचा नाही. ज्याला परवडतं तो घेतो.

तुमचा टायर किती रुंद आणि त्यात किती हवा भरता, तेवढं लिहा. पुढचं त्यावर बोलू.