कार्ड पेटीत ठेवून काय उपयोग? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत, डीजेपुढे नाचणाऱ्या पोरांना मी उगाच नेतृत्व म्हणतोय, पाड्यावरच्या माणसाला मिरवणूक नाही, डॉक्टर पाहिजे, असं तुमचं म्हणणं. डॉक्टर पाहिजेच, त्यावर वाद नाही, अन् ढोल-मांदल असताना डीजे मलाही नको वाटतो.

पण सिकलसेलचंच घ्या. आमच्या भिल्ल-पावरा समाजात आईबापाकडून येणारा हा रक्ताचा आजार खूप. तपासणी सरकार करतं, २०२३ पासून तर देशभर अभियान आहे, रक्त घेतात, कार्ड देतात अन् ते कार्ड पत्र्याच्या पेटीत जातं. त्याचा अर्थ कोण सांगणार? वाहक माणूस, म्हणजे ज्याला हा दोष आईबापांपैकी एकाकडूनच आलाय तो, आजारी नसतो, पण नवरा-बायको दोघं वाहक असले तर दर बाळंतपणाला मूल आजारी निघायची शक्यता ४ मध्ये १, हे माझ्या आजीला मराठीत सांगून कळत नाही, पावरीतच सांगावं लागतं, अन् सांगणारं माणूस आपलं असावं लागतं, नाहीतर पोरीच्या रक्तात खोट आहे असा बोभाटा होतो आणि तिचं लग्न राहतं ते राहतंच. नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडे माझ्या मामेबहिणीच्या देजच्या (मुलीकडच्यांना द्यायच्या रकमेच्या) बैठकीत "दोन्हीकडची कार्डं काढा" असं पहिल्यांदा बोलली ती आमच्याच पाड्यावरची बारावी झालेली पोरगी, सगळ्या म्हाताऱ्यांमध्ये उभी राहून. आधी सगळे चिडले. मग पेटी उघडली.

हे आजचं नाहीये. सत्तरच्या दशकात शहाद्याच्या श्रमिक संघटनेच्या, म्हणजे आदिवासी शेतमजुरांच्या चळवळीच्या काळात आमच्या बायकांनी दारूची मडकी फोडली, तेव्हा कुठल्या डॉक्टरने चिठ्ठी लिहून दिली होती?

तुमचं एक मात्र पटतं, नुसत्या उत्साहावर हे टिकत नाही. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार तरुणपणी गावातच राहिले, गावाने जंगल राखलं, विहिरींना पाणी आलं, लोकांचं बाहेर जाणं थांबलं, २०२५ ला त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्याकडे ते पाणीच नाही. दिवाळी झाली की अर्धा पाडा गुजरातला ऊसतोडीला. ती बारावीवाली पोरगीपण यंदा आईबापासोबत गेलीय, होळीला येईल, तोवर दोन घरांच्या सोयरिकी ठरतायत अन् कार्डं वाचायला पाड्यावर कोणी नाही. टीका करायची तर यावर करा भाऊ, मी तुमच्यासोबत आहे.