सामने ‘लिहिलेले’ नसतात: त्या व्हायरल रीलला उत्तर

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधला ल्युका डॉन्चिचचा ट्रेड (संघांमधली खेळाडूंची अदलाबदल), तिथल्याच डॅलस संघाला लागलेली लॉटरी आणि डॉजर्सने जिंकलेली बेसबॉलची वर्ल्ड सिरीज, हे सगळं एकाच स्क्रिप्टमध्ये आधीच लिहिलेलं होतं, असं सांगणारी एक मराठी रील व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. अशा गोष्टींच्या नादी मी सहसा लागत नाही. पण ही रील माझ्या भाच्याने मला पाठवली आणि खाली विचारलं, “मामा, यांच्या टेलिग्राम चॅनलची फी भरू का? गॅरंटी देतायत.” पोरगा कॉलेजच्या टीममधून बास्केटबॉल खेळतो, पहाटे उठून एनबीए बघतो. खेळ कळणारा मुलगा इतक्या सहज गळाला लागत असेल, तर बाकीच्यांचं काय होत असेल?

रीलचं म्हणणं थोडक्यात असं. लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाचं भलं व्हावं म्हणून लीगनेच ल्युकाला डॅलसमधून काढून लॉस एंजेलिसला पाठवलं. त्या बदल्यात लॉटरीत फिरवाफिरवी करून डॅलसला कूपर फ्लॅग हा नवा खेळाडू दिला. लेकर्स आणि त्याच शहरातल्या डॉजर्सचा मालक एकच, म्हणून बेसबॉलचं विजेतेपदही लॉस एंजेलिसलाच. एफबीआयने खेळाडूंना पकडलं, म्हणजे सगळे सामने फिक्स असल्याचा पुरावाच मिळाला. आणि शेवटी मुख्य मुद्दा: ही स्क्रिप्ट आमच्या हातात आहे, चॅनलला या, पैसे लावा, जिंका.

सुरुवात या शेवटच्या मुद्द्यापासूनच करतो, कारण बाकीचे चार त्याच्यासाठीच रचले आहेत.

‘आमचे सलग पाच अंदाज बरोबर आले, स्क्रीनशॉट बघा’ असं हे लोक दाखवतात. ते स्क्रीनशॉट खोटे असायचीही गरज नसते. समजा, चॅनलवाल्याने वेगवेगळ्या ग्रुपमध्ये मिळून १०२४ माणसं गोळा केली. अर्ध्यांना सांगितलं आज लेकर्स जिंकणार, अर्ध्यांना सांगितलं हरणार. निकाल काहीही लागो, ५१२ जणांना अंदाज बरोबर आल्याचं दिसतं. उरलेल्यांचा ग्रुप बंद. दुसऱ्या सामन्याला तेच, २५६ उरले. मग १२८, ६४, आणि पाचव्या सामन्यानंतर ३२. या बत्तीस जणांनी स्वतःच्या डोळ्यांनी सलग पाच अंदाज खरे ठरताना पाहिलेत, तेही सामन्याच्या आधी. त्यांना कुणी शहाणपणा शिकवायला गेलं तर ते तुम्हालाच वेड्यात काढतील. सहाव्या सामन्याची फी नेमकी त्यांच्याकडून मागितली जाते. यात बास्केटबॉलचं काही कळावं लागत नाही, कुठली स्क्रिप्ट लागत नाही. नुसती भागाकाराची बेरकी वही.

त्यात ज्याच्या हाती सामन्याचा निकाल आधीच आहे, तो कॉलेजच्या पोरांकडून फी कशाला गोळा करत बसेल? स्वतःच पैसे लावून मोकळा होईल.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे, आणि अशा खेळांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

आता लॉटरी, म्हणजे प्लेऑफ (बाद फेरी) न गाठलेल्या संघांपैकी नवे खेळाडू निवडायचा पहिला नंबर कुणाचा, हे ठरवणारी सोडत. सगळ्यात हास्यास्पद मुद्दा हा आहे आणि सगळ्यात जास्त लोकांना पटलेलाही हाच. रील म्हणते, १.८ टक्के शक्यता असलेल्या डॅलसला पहिला नंबर ‘लागूच शकत नाही’. १.८ टक्के म्हणजे साधारण पंचावन्नात एक. हे दुर्मीळ आहे, अशक्य नाही. १९९३ मध्ये ऑर्लँडोचा ६६ चेंडूंमध्ये एकच चेंडू होता, तोच निघाला. २००८ मध्ये शिकागोला १.७ टक्क्यांवर लॉटरी लागली आणि डेरिक रोझ मिळाला. २०१४ मध्ये क्लीव्हलँडलाही १.७ टक्क्यांवरच. दरवर्षी तळाकडच्या आकड्यांवर अनेक संघ बसलेले असतात, त्यातला एखादा कधीतरी वर येणारच.

सोडत होते कशी तेही बघा. यंत्रात १ ते १४ आकड्यांचे चौदा चेंडू असतात, त्यातले चार काढतात. क्रम धरत नाहीत, म्हणून १००१ संच तयार होतात. एक बाद करतात, उरलेले १००० संच संघांमध्ये आधीच वाटून दिलेले असतात. सगळ्यात वाईट कामगिरीच्या तीन संघांना प्रत्येकी १४०, आणि २०२५ मध्ये डॅलसला १८. चेंडू बंद खोलीत काढतात हे खरं. पण त्या खोलीत हरणाऱ्या संघांचे प्रतिनिधी बसलेले असतात, पत्रकार असतात, बाहेरच्या लेखापरीक्षक कंपनीचा माणूस असतो. १७ सामने जिंकून ६५ हरलेला युटा त्या वर्षी सगळ्यात वाईट संघ होता, आणि तो घसरून पाचव्या नंबरवर गेला. डोळ्यांदेखत लबाडी झाली असती तर युटाचा माणूस गप्प बसला असता?

ते १८ संच डॅलसकडे आले कसे, हे तर रीलने साफ गाळलं आहे. डॅलस आणि शिकागो दोघांचाही हिशेब ३९ विजय, ४३ पराभव असा सारखाच होता. बरोबरी सोडवायला वेगळी चिठ्ठी काढावी लागली. त्यात डॅलसला १.८ आणि शिकागोला १.७ टक्के मिळाले.

त्याआधीचं तर आणखी मोठं. डॅलस प्ले-इनमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या आधीच्या पात्रता सामन्यांत होता. सॅक्रमेंटोला हरवल्यावर १८ एप्रिलला मेम्फिसशी गाठ पडली. तो सामना डॅलसने जिंकला असता तर संघ प्लेऑफमध्ये गेला असता आणि लॉटरीतून बाहेर पडला असता. फ्लॅग विसरा. त्या सामन्यात डॅलसच्या अँथनी डेव्हिसने, म्हणजे ल्युकाच्या बदल्यात आलेल्याच खेळाडूने, ४० पॉइंट केले. स्क्रिप्टप्रमाणे हरायचं ठरलेलं असताना संघाचा सगळ्यात मोठा खेळाडू जिंकण्यासाठी असा जीव तोडून खेळतो का?

ट्रेडचा मुद्दा मी लवकर उरकतो. १ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री एनबीएचा नावाजलेला बातमीदार शॅम्स चरानियाने ती बातमी टाकली तेव्हा त्याचं अकाउंट हॅक झालं असंच लोकांना वाटलं. ट्रेडच्या बातम्यांवर ज्यांचं पोट चालतं त्या पत्रकारांनाही सुगावा नव्हता. ट्रेडच्या अफवा रोज सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, की अलीकडच्या काळातला सगळ्यात मोठा ट्रेड झाला तो कसलीही अफवा न उठता. डॅलसचा जनरल मॅनेजर निको हॅरिसन आणि लेकर्सचा रॉब पेलिंका यांनी गुपचूप बोलणी केली. ल्युका तेव्हा २५ वर्षांचा होता, आदल्याच मोसमात त्याने डॅलसला फायनलपर्यंत नेलं होतं. त्याच्या फिटनेसवर हॅरिसनचा भरवसा नव्हता, समोर ३४.५ कोटी डॉलरच्या आसपासचा पाच वर्षांचा करार येऊन ठेपला होता. त्याने डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चा एक पहिल्या फेरीचा पिक (नवा खेळाडू निवडायचा हक्क) घेतला आणि ल्युका देऊन टाकला. हा भयंकर चुकीचा निर्णय होता असं माझं ठाम मत आहे. डेव्हिस डॅलसच्या पहिल्याच सामन्यात जखमी झाला, प्रेक्षक ‘फायर निको’ म्हणून ओरडत राहिले, आणि ११ नोव्हेंबरला हॅरिसनची नोकरी गेली. माणसं मोठ्या खुर्चीत बसूनही चुका करतात, त्याला कटकारस्थान लागत नाही.

आणि लेकर्सचं भलं? पहिल्याच फेरीत मिनेसोटाने त्यांना ४-१ ने घरी पाठवलं. फायनल झाली ओक्लाहोमा सिटी आणि इंडियाना यांच्यात. दोन्ही छोट्या शहरांचे संघ. टीव्हीच्या पैशांसाठी स्क्रिप्ट लिहिणारा लेखक लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क सोडून ही जोडी निवडेल?

बेसबॉलच्या मुद्द्यात एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने का होईना मान्य करतो. मार्क वॉल्टर डॉजर्सचे मालक आहेत आणि लेकर्सही आता त्यांच्याकडे आहेत. पण लेकर्सची मोठी मालकी घेण्याचा व्यवहार जाहीर झाला जून २०२५ मध्ये, ट्रेडनंतर चार महिन्यांनी. त्याआधी २०२१ पासून त्यांच्याकडे छोटा हिस्सा होता, एवढंच. डॉजर्सकडे अमाप पैसा आहे हेही खरं. शोहेई ओहतानीचा दहा वर्षांचा करार ७० कोटी डॉलरचा, आणि त्यातले ६८ कोटी नंतर द्यायचे. छोट्या संघांच्या चाहत्यांना याचा राग येतो तो रास्त आहे, मलाही हे पटत नाही. पण पैशाने विजेतेपद लिहून मिळत असतं तर न्यूयॉर्क मेट्सचं काय झालं? हुआन सोटोला ७६.५ कोटी डॉलरचा करार दिलेला हा संघ २०२५ मध्ये ८३ विजयांवर थांबला, आणि मोसमाच्या शेवटच्या दिवशी प्लेऑफच्या बाहेर पडला.

रीलवाल्याने वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना पाहिलेलाच नाही, अशी माझी खात्री आहे. १ नोव्हेंबरची रात्र, टोरोंटो. आपल्याकडे रविवारची सकाळ. टोरोंटोला १९९३ नंतर पहिलं विजेतेपद मिळायला दोन आउट हवे होते, आणि ४-३ अशी आघाडी होती. तेव्हा डॉजर्सच्या मिगेल रोहासने होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) मारला. छत्तीस वर्षांचा, फील्डिंगसाठी संघात ठेवलेला माणूस. स्क्रिप्टमध्ये तो प्रसंग ओहतानीच्या वाट्याला आला असता. मग नवव्या इनिंगचा दुसरा अर्ध, टोरोंटोची बॅटिंग, तिन्ही बेस भरलेले, एक आउट. एक रन आणि खेळ खलास. वार्शोने चेंडू जमिनीवरून रोहासकडे मारला. रोहासचा तोल गेला, तशाच अवस्थेत त्याने होम प्लेटकडे थ्रो केला. डॉजर्सचा कॅचर विल स्मिथ याचा पाय प्लेटवरून किंचित उचलला गेला आणि टोरोंटोचा कायनर-फालेफा घसरत पोचायच्या आत परत टेकला. रिप्ले पाहूनच आउट कायम झाला. पाठोपाठ क्लेमेंटने उंच, लांब चेंडू मारला. त्याच इनिंगमध्ये मैदानात आलेला डॉजर्सचा अँडी पाहेस धावत गेला, आपल्याच किके हर्नांडेझवर आदळला, आणि चेंडू हातातून सुटला नाही. अकराव्या इनिंगमध्ये स्मिथच्या होमरनने ५-४. आदल्या दिवशी ९६ चेंडू टाकलेला डॉजर्सचा यामामोतो पुन्हा पिचिंगला उभा होता, त्यानेच शेवट केला.

पाय क्षणभर उशिरा टेकला असता तर कप टोरोंटोचा होता. हे कोण ‘लिहिणार’? त्याच रविवारी रात्री नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक उचलला. तोही आधीच लिहिलेला होता, असं या रीलवाल्याने डी. वाय. पाटील स्टेडियमबाहेर उभं राहून सांगून दाखवावं.

राहिला एफबीआयचा मुद्दा. हा मी उडवून लावणार नाही, कारण इथे खरंच काहीतरी कुजलं आहे. २३ ऑक्टोबर २०२५ ला अटका झाल्या. एनबीएतल्या पोर्टलंडचे तेव्हाचे प्रशिक्षक चॉन्सी बिलप्स यांच्यावर ठेवलेला आरोप फसव्या पोकरच्या डावांचा आहे. एनबीएचा खेळाडू टेरी रोझियर याच्यावरचा आरोप सट्ट्याचा आहे. दोघांनीही आरोप नाकारले आहेत. रील ज्याला ‘पुरावा’ म्हणते ते रोझियरच्या प्रकरणातलं आरोपपत्र नीट वाचलं तर रीलचाच मुद्दा कोसळतो. त्यात म्हटलंय ते असं: २३ मार्च २०२३ च्या सामन्यातून आपण लवकर बाहेर पडणार, हे रोझियरने मित्राला आधी सांगितलं, आणि त्याचे आकडे कमी राहतील यावर लोकांनी दोन लाखांहून जास्त डॉलर लावले. तो नऊ मिनिटं खेळून बाहेर गेला. म्हणजे हे आरोप खरे धरले, तरी आतल्या माणसाच्या हातात होतं काय? स्वतःचे पॉइंट, स्वतःचे रिबाउंड. लीगने निकाल ठरवून ठेवल्याचा एक शब्द त्यात नाही. आणि इतका छोटा डावही लपला नाही, सट्टा घेणाऱ्या कंपन्यांना त्याच दिवशी संशय आला आणि त्यांनी त्याच्यावरच्या बेट बंद केल्या. दोन माणसांना एका सामन्याचं गुपित राखता येत नाही, आणि रील म्हणते तीस संघ, शेकडो खेळाडू आणि रेफरी वर्षानुवर्षं तोंड शिवून बसलेत.

आपल्याला २०१३ चं आयपीएल आठवतं. तेव्हाही लोचा स्पॉट फिक्सिंगचा होता, ठरावीक ओव्हरमध्ये ठरावीक रन देण्याचा. बास्केटबॉलपटू जाँटे पोर्टरवर २०२४ मध्ये एनबीएने आजन्म बंदी घातली, तीही असल्याच प्रकारासाठी. क्लीव्हलँडच्या बेसबॉल संघातल्या क्लासे आणि ऑर्टिझ या पिचरवर नोव्हेंबर २०२५ मध्ये आरोप ठेवले गेले, तेही एकेका चेंडूवरच्या सट्ट्याचे. त्या दोघांनीही आरोप नाकारले.

आणि लीगला मी सोडत नाही. रोझियरच्या त्या सामन्याची चौकशी एनबीएने २०२३ मध्येच केली होती आणि त्याला मोकळं सोडलं होतं. नियम मोडल्याचं तेव्हा त्यांना का सापडलं नाही, याचं उत्तर त्यांनी द्यायला हवं. सट्टेबाजीच्या कंपन्यांशी भागीदारी करून एनबीए पैसे कमावते, आणि बेंचवरच्या खेळाडूच्या रिबाउंडवरही बेट लागतात. बेसबॉलने निदान क्लासे प्रकरणानंतर एकेका पिचवरच्या सट्ट्याला २०० डॉलरची मर्यादा लावून घेतली. बास्केटबॉलमध्ये एकट्या खेळाडूच्या आकड्यांवरचे असे सट्टे बंद का करत नाहीत, हा प्रश्न विचारणारी रील कुणी बनवली तर मी स्वतः दहा जणांना पाठवीन.