डोळा दिसला का?

रात्री साडेनऊला ग्रुपवर यादी आली. डावीकडे पक्ष्यांची नावं, वर आमची नावं, रकाने रंगवलेले. ‘श्रीलंका फ्रॉगमाउथ’ या ओळीत झाडून सगळ्यांना हिरवी बरोबरची खूण आणि माझ्या रकान्यात आडवी रेघ. गैरहजर मुलासाठी बाई हजेरीपटात ओढायच्या तशी. वर कंसात शेरा: ‘पाहिल्याची खात्री नाही.’ पैसे भरताना मात्र माझी खात्री कुणी मागितली नव्हती.

सहल गोव्याची, पक्षी बघायची, गाईडसकट. पहिल्या दिवशी सकाळी झुआरी नदीत होडी, दुपारी करमळीचं तळं, दुसऱ्या दिवशी तांबडी सुर्ल्याचं जंगल. जाहिरातीत ‘मर्यादित सदस्य’ असं होतं. मर्यादा चौदा निघाली. आणि या चौदांत यादीचा कारभार कुणी न सांगता अंगावर घेतलेले काका होते. आमच्यातले निम्मे त्यांच्याच वयाचे, तरी काका तेच. गळ्यात दोरीला बांधलेलं पेन, हातात पुठ्ठ्याची वही, आणि तोंडात दोनच क्रियापदं: ‘धरला’ आणि ‘सोडला’. दुर्बीण त्यांनी आणलेलीच नव्हती. “वजन कशाला वागवायचं? गाईड सांगतोच की.”

झुआरीच्या होडीचं सगळं यश ओहोटीवर असतं, आणि नेमकं तेच जाहिरातीत कुणी छापत नाही. पाणी उतरलं की काठाला चिखलाची पट्टी उघडी पडते आणि तुतवार, चिखल्या, बगळे चरायला उतरतात. भरतीला हीच मंडळी कांदळवनात आत जाऊन बसतात आणि तुम्ही दोन तास तिवरांची पानं बघत फिरता. पाणी फारच उतरलं तर कुंभारजुव्याच्या कालव्यातल्या बारक्या फाट्यांत होडी शिरत नाही, गाळात बसते. म्हणजे उतरत्या पाण्याची मधली वेळ गाठायला हवी. आता, ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. एका शनिवारी सकाळी सातला ओहोटी असेल तर पुढच्या शनिवारी सातला जवळजवळ पूर्ण भरती. तरीही ‘दर शनिवारी, सकाळी ठीक सात’ अशी पोस्टरं निघतात! समुद्राने आयोजकांच्या सोयीने वागावं अशी अपेक्षा असावी.

आमचं नशीब बरं, पाणी उतरतं होतं. पण होडीत बघायचं तर नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, जागा हवी, आणि तिथे सहाशे मिलिमीटरची लेन्स बसली होती. लेन्सच म्हणतो, कारण मागचा माणूस दिसत नव्हता. तीन किलोच्या आसपास वजन, तिला वेगळी गादी, वेगळी छत्री. खंड्या दिसला रे दिसला की टर्रर्र असा आवाज, आणि खंड्या गायब. झुआरीत खंड्यांची चंगळ आहे: काळ्या टोपीचा, पांढऱ्या गळपट्ट्याचा, मोठ्या लाल चोचीचा. आम्ही बहुतेकांची पाठ पाहिली.

तेवढ्यात काठावर मगर दिसली. चांगली लांब, चिखलात पसरलेली. या कालव्याच्या खाऱ्या-मचूळ पाण्यात मगरी राहतात, आणि काठची काही गावं पौष अमावास्येला मातीची मगर करून तिची पूजा करतात. सगळे एकदम एका बाजूला उठले, होडी कलली, होडीवाला ओरडला. काकांनी मान वर केली नाही. “पक्षी नाही ना? मग सोडा. रकाना नाही.”

करमळीचं तळं रेल्वे स्टेशनला लागूनच आहे. तिथे अडया, कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या रस्त्यावरूनच दिसतात. तिथे आणखी काही झालं नाही, फक्त काकांनी माझी दुर्बीण मागितली. “जरा बघू.”

इथे थोडं थांबून दुर्बिणीचं सांगायलाच हवं, कारण ती उसनी देण्याची वस्तू नाही हे लोकांना कळत नाही. प्रत्येकाच्या दोन डोळ्यांत थोडा फरक असतो, तो काढायला बहुतेक दुर्बिणींत उजव्या नळीवर एक कडं असतं. उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करायचं, मग डावा झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, त्या कड्याने उजव्याला. एकदा जुळलं की ते कडं पुन्हा हलवायचं नाही. पुढची सगळी कामं मधल्या चाकाची. काकांनी सगळंच फिरवलं. वर रबरी कपही आत दाबले. चष्मा लावून बघणाऱ्याने ते दाबायचेच असतात, पण परत देताना बाहेर ओढायचे असतात. “धूसर आहे हो तुमची,” म्हणून परत दिली. आठ गुणिले बेचाळीसची, म्हणजे आठपट दाखवणारी, पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं, चांगली दुर्बीण! जंगलात तीच लागते. बेचाळीसला आठाने भागलं की सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. खिशातल्या आठ गुणिले पंचवीसमधून जेमतेम तीन, म्हणजे सकाळी सदाहरित जंगलात नुसता अंधार मोठा होऊन दिसतो. आणि दहापट घेऊन होडीत बसणाऱ्यांना आपल्याच हाताची थरथर दहापट दिसते.

दुसऱ्या दिवशी पहाटे तांबडी सुर्ला. बाराव्या-तेराव्या शतकातलं काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ, भोवती घाटाच्या पायथ्याचं गर्द रान. पावसाळ्यात इथे जळवा, कोरड्या दिवसांत पाल्यातले गोचीड. पँटचे पाय मोज्यात खोचा, पाल्यावर बसू नका, परतल्यावर गुडघ्यामागे नि कमरेशी तपासा. हे चेष्टेवारी नेऊ नका, सत्तरी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत आणि तो गोचिडांतूनच येतो. आमच्यातले तिघे हाफपँटमध्ये होते.

होडीत दिशा सांगणं सोपं असतं. नाळ म्हणजे बारा वाजले, उजवा हात तीन. जंगलात नाळ नसते. गाईड ज्या दिशेला तोंड करून उभा, तिकडे बारा. आणि तो स्वतःभोवती फिरत असतो. “सर, थंय पळयात, दोन वाजता, हिरव्या पानाच्या मागे.” (थंय पळयात म्हणजे तिकडे बघा.) हिरव्या पानाच्या मागे! चौदा जण चौदा दिशांना माना वर करून. ‘तो आडवा वेल खोडाला मिळतो तिथून हातभर डावीकडे’ असं खुणेच्या खोडापासून सांगितलं तर दिसतं. गाईड चांगला होता, नंतर तसंच सांगायला लागला. त्याच्यामुळे लाल गळ्याचा पिवळा बुलबुल, गोव्याचा राज्यपक्षी, सगळ्यांना मिळाला.

मग कुणाच्या तरी फोनमधल्या पक्षी ओळखणाऱ्या ॲपने आवाज ऐकून ‘शिक्रा’ असं सांगितलं, म्हणजे बारका शिकारी पक्षी. गाईड हसला. वर पल्लवपुच्छ कोतवाल बसला होता, शेपटीच्या दोन तारांना टोकाशी पिसांचे झुपके. हा पक्षी नकला करण्यात पटाईत, आणि शिकारी पक्ष्यांचे आवाज तर आवडीने काढतो. फोनला तो समोर दिसत नसतो. काकांनाही दिसत नव्हता. “शिक्रा, ऐकला. धरला.” गाईडने समजावलं. “फोन खोटं कशाला बोलेल?” शिक्रा यादीत आहे. तेराजणांच्या नावावर आहे, माझ्याही.

आणि मग फ्रॉगमाउथ, मराठीत बेडूकमुख्या. पश्चिम घाट आणि श्रीलंका एवढंच त्याचं जग. साधारण वीतभर लांब, रात्री किडे खातो, दिवसा वेलींच्या जाळीत माणसाच्या उंचीच्या आसपास जोडीने चिकटून बसतो. नर करडा, मादी तांबूस. माणूस जवळ आला की उडत नाही. चोच वर करतो, डोळे मिटत मिटत फट करतो आणि वाळकं पान होतो. गाईडने दोघादोघांना पुढे नेलं. माझी पाळी आली तेव्हा मी बघितलं, दुर्बिणीचं कडं ठीक करत बघितलं, आणि मागे आलो. काका वही उघडून उभे.

“काय दिसलं?”

“फ्रॉगमाउथ. जोडी.”

“तसं नाही. नेमकं काय दिसलं?”

“दोन वाळकी पानं.”

“म्हणजे पक्षी नाही.”

“अहो काका, तोच पक्षी. त्याचा सगळा धंदाच तो आहे.”

“ते मी वाचून आलोय. प्रश्न असा की तुम्हाला पान दिसलं, का पानासारखा पक्षी दिसला?”

“एक करडं होतं, एक तांबूस.”

“हे पुस्तकात आहे.”

“पुस्तकात आहे कारण पक्ष्यात आहे!”

“आवाज नको, पक्षी आहेत. हलला का?”

“हलला असता तर पान कसलं?”

“चोच कुठे होती?”

“वर.”

“वर म्हणजे डावीकडे का उजवीकडे?”

“आभाळाकडे.”

काकांनी काहीतरी लिहिलं. मग पेन टेकवून, आवाज खाली आणून: “डोळा दिसला का?”

“दिवसा डोळे मिटून बसतो तो.”

“मला दिसला.”

“मिटलेला?”

“मिटला तरी डोळा तो डोळाच.”

लेन्सवाले मदतीला आले. त्यांनी कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. “हे बघा, डोळा. फट आहे, पण आहे.” काका खूश. त्यांना डोळा दिसला होता तो या पडद्यावर, एवढं माझ्या लक्षात आलं. मी गाईडला साक्षीला बोलावलं. “सरांनी पाहिला. मीच दाखवला,” तो म्हणाला.

“तू दाखवलास, बरोबर. पण त्यांनी पाहिला हे तू कसं सांगणार?”

याला उत्तर नाही. जगातल्या कुठल्याच कोर्टात नाही. गाईड माझ्याकडे बघून कसनुसा हसला, कारण त्याला पुढच्या दोघांना न्यायचं होतं.

पुढच्या दोघांना, आणि मग त्याच्या पुढच्या. चौदा माणसं, प्रत्येकाची दोन-तीन मिनिटं, दोन पक्ष्यांपासून काही पावलांवर. त्यात एकाने बॅगेतून छोटी कात्री काढून मध्ये येणारी डहाळी छाटली. “फ्रेम साफ होते.” ती डहाळीच त्यांची भिंत होती. आणखी एकाने फोनवर नराचा आवाज लावायची तयारी केली होती, गाईडने हात धरला. तो आवाज ऐकला की नराला वाटतं हद्दीत दुसरा नर आला, मग विश्रांती सोडून तो बोलतो, जागा बदलतो, आणि उजेडात दिसतो. जवळपास शेवाळ नि सालींनी मढवलेलं तळहाताएवढं घरटं असेल तर आणखी वाईट. त्यात अंडं एकच असतं, आणि दिवसा ते उबवायला नरच बसलेला असतो. तो उठला की अंडं उघड्यावर. गाईडला हे सगळं ठाऊक होतं. पण ‘दाखवला नाही’ म्हटलं की पुढचं गिऱ्हाईक जातं, आणि ओरडायचं तर ज्यांच्यावर ओरडायचं तेच पैसे देणारे.

गाडीत बसल्यावर देवळाजवळचा भाजीपाव खाताना कात्रीवाल्यांच्या फोटोचं सगळ्यांनी कौतुक केलं. पातळ भाजी उत्तम होती, हे वेगळं.

मी आयोजकांना सविस्तर लिहिलं. रेघेबद्दल एकच ओळ. बाकीचं सगळं: जाळीजवळ एका वेळी चौघांपेक्षा जास्त माणसं नकोत, सगळे मिळून दहा मिनिटांत मागे, कात्री नि स्पीकर गाडीतच, होडीची वेळ भरती-ओहोटीचं कोष्टक बघून, नाळेवरची जागा पाळीपाळीने. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. एक अंगठा, आणि खाली पुढच्या सहलीचं पोस्टर. शनिवार, सकाळी ठीक सात. ‘बेडूकमुख्या हमखास.’ जागा वीस.