गुन्हा व्हायच्या आधीच पकडा, सोप्पंय

गुन्हा झाल्यावर काय, कोणीपण पकडेल. खरी हुशारी आधीच ओळखण्यात आहे, तर ऐका.

पहिलं म्हणजे माणसावर लक्ष ठेवू नका, माणूस हलतो, कोयत्यावर ठेवा. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात कोयता गँगचा धुमाकूळ चालू होता तेव्हा पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं की आधार बघून मगच कोयता विका. नेमका तेव्हाच मी घ्यायला गेलो. मोबाईलमधलं आधार चालेना, झेरॉक्स पाहिजे, मग शेजारून काढून आणली, त्यावर सही केली आणि वहीत "कशासाठी" च्या रकान्यात लिहिलं, नारळ. माझ्यावरच्या ओळीत एक शहाळेवाला आणि कुंड्यांची हौस असलेल्या एक काकू. म्हणजे आम्हा तिघांचा बंदोबस्त पक्का झाला. गँगमधली पोरं काही वहीत दिसली नाहीत, त्यांनी आजीचाच उचलला असेल.

तरी भागलं नाही तर तडीपार करा. दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर! नीरेवरचा पूल ओलांडला की शिरवळ, सातारा जिल्हा, तिथे पाय ठेवला की गडी सज्जन होतो (शिरवळकरांनी काय घोडं मारलंय ते विचारू नका). मग कधीतरी पेपरात येतं, "तडीपार गुंड शहरात फिरताना जेरबंद, कोयता जप्त". लगेच नाक मुरडू नका, सापडला ना शेवटी?

आणि एवढा उशीर तरी कशाला, थेट पाळण्यापासूनच सुरू करा की. हसताय काय, हे करून झालंय. इंग्रजांनी १८७१ साली कायदाच केला, अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार, रोज हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास काढायचा. पुढे तो आपल्याकडेही आला, सोलापुरात तर तारेच्या कुंपणात माणसं ठेवली, त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला पण सवय कुठे जाते, गावात चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर. सोयीचं पडतं, पत्ता पाठ आहे. इतकी वर्षं हजेरी घेऊन चोऱ्या किती कमी झाल्या असलं काही विचारायचं नसतं, रजिस्टर भरलेलं होतं ना, बास.

माझा कोयता ओट्याखाली पडलाय, गंज चढलाय. नारळ आम्ही सोललेलेच आणतो. वहीत लिहिलेल्या नारळाचं काय झालं हे विचारायला अजून कोणी आलेलं नाही.