बीपीच्या गोळ्या बंद केल्या की ताठरता परत येते? थांबा जरा

सध्या एक मेसेज फिरतोय की लिंगाला ताठरता न येणं हे सगळं बीपी आणि हार्टच्या गोळ्यांमुळे होतं, गोळ्या सोडा, आपोआप ठीक होईल. प्लीज असं करू नका. काही गोळ्यांनी त्रास होऊ शकतो हे खरंय, जुन्या बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या) आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचं नाव त्यात येतं, पण त्यावर उपाय म्हणजे डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घेणं, मनानेच बंद करणं नाही.

मुळात बऱ्याच जणांत दोष रक्तवाहिन्यांचाच असतो. लिंगाची धमनी साधारण १ ते २ मिमीची, हृदयाची ३ ते ४ मिमीची, त्यामुळे शुगर, कोलेस्टेरॉल, बीपी, सिगारेट यांनी आतलं अस्तर खराब व्हायला लागलं की धमनी सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू कमी तयार होतो, धमनी नीट पसरत नाही आणि त्रास आधी इथे दिसतो, छातीत दुखायला कधीकधी त्यानंतर २ ते ५ वर्षं जातात. म्हणजे ही आधीच मिळालेली सूचना आहे हो, आणि लोक लाजेपोटी ती वाया घालवतात! टेन्शननेही होतं, नाही असं नाही, पण पहाटेची ताठरताही गेली असेल तर शुगर, लिपिड (रक्तातली चरबी), बीपी तपासून घ्याच, पोटाचा घेरही मोजा.

आणि छातीदुखीसाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर सिल्डेनाफिल (व्हायग्रा, ताठरतेची गोळी) अजिबात घेऊ नका, बीपी एकदम कोसळून जीवावर बेतू शकतं.